पाचशे मीटरच्या आत

२ ऑक्टोबर १९९५
‘बोरओढा पाणी बचाव समिती’ आज स्थापन झाली. अध्यक्ष मी. निवड एकमताने. सभेला ग्रामसेवक भाऊसाहेब, माझे थोरले बंधू बिरदेवदादा आणि मी हजर होतो. बाकी गाव खुरपणीला गेलं होतं. आज गांधी जयंती आहे हेसुद्धा आमच्याकडे सांगावं लागतं.
उद्दिष्ट एकच. गावची पिण्याची विहीर वाचवणे. हापशाचं पाणी मचूळ, ओढा पावसापुरता, कालवा येतो तो उसासाठी. प्यायला ही एकच विहीर. ‘विहीर गेली तर गाव गेलं,’ असं मी भाषणात म्हणालो. तिथे टाळीची जागा होती. दादाने जांभई दिली.
आजपासून विहिरीवर धुणं बंद, जनावरं बंद. शिवाय रोज डायरी लिहायची. कुणाला दाखवायला नाही, मुद्दे हाताशी असावेत म्हणून. उद्या आकाशवाणीने मुलाखतीला बोलावलं तर ऐनवेळी आठवत बसायला नको.

५ ऑक्टोबर
दोन दिवस डायरी राहिली. वह्या तपासायच्या होत्या. त्याही राहिल्या.
विहिरीवर धुणं धुणाऱ्या बायकांना समज द्यायला गेलो. पहिलीच बाई म्हाळसा निघाली. आमची मंडळी. म्हणाली, ‘मग तुमची प्यांट कुठं धुवू? शाळंत?’ सगळ्या हसल्या. अध्यक्षाच्या घरापासून सुरुवात व्हावी हे मला तत्त्वतः मान्य आहे. पण चारचौघींत बोलायची एक पद्धत असते.
प्रयागआत्या मात्र माझ्या बाजूने. ही वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर लगेच नवरा गेला, माहेरी परत आली आणि विहिरीशेजारच्या खोलीत राहिली ती आजतागायत. बुडाला माती लागलेली घागर कुणी विहिरीत सोडली, तर त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करते. तिला मी समितीतर्फे ‘मानद विहीर रक्षक’ नेमलं. तिने विचारलं, म्हणजे काय करायचं? मी समजावून सांगितलं. ‘मग आत्तापत्तुर काय करत हुते रं मी, मल्ह्या?’
आठवीच्या मुली पाणी भरत होत्या. त्यांच्यासमोर मल्ह्या. बी.एस्सी., बी.एड. माणूस.

२१ ऑक्टोबर
भाऊसाहेब इंदापूरहून कायद्याची झेरॉक्स घेऊन आले. १९९३चा कायदा. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर नाही, बोर नाही. वाचून अंगावर काटा आला. म्हणजे मुंबईत कुणीतरी माझ्यासारखा विचार करणारा माणूस बसलेला आहे.
भाऊसाहेब म्हणाले, सर, कायदा चांगलाय, पण वापरतंय कोण. मी म्हणालो, मी.
दिवाळीनंतर कडक अंमलबजावणी.

८ नोव्हेंबर
मोठा दिवस. सविस्तर लिहितो.
गेणूच्या रानात बोरची गाडी आली. गेणू आमच्याच भावकीतला. त्याचं वावर विहिरीला लागूनच. निरोप आला तसा मी वर्ग सोडून धावलो. (सातवीला स्वयंअध्ययन दिलं.) झेरॉक्स उंच धरून गाडीसमोर उभा राहिलो. ड्रायव्हर तमिळ. त्याला इंग्लिशमध्ये म्हणालो, ‘स्टॉप इन द नेम ऑफ लॉ!’ इंजिन बंद झालं. दादा म्हणतो डिझेल संपलं होतं. दादाचा स्वभाव पहिल्यापासून असा.
शाळेचा लांब उडीचा टेप आणून मोजलं. गेणू म्हणाला, ‘वाटंनं मोजा की सर, वाट वळसा घालून येती.’ मी त्याला समजावलं की जमिनीखालचं पाणी वाटेने येत नाही, सरळ येतं. त्यामुळे टेपही सरळच धरायचा. सरळ धरला तर वळसा नाहीच, पन्नास मीटरही भरलं नाही.
गेणू म्हणाला, ‘दोन म्हशी अन् वांग्याचं चार वाफं. आसं किती पिनार हाय मी?’ प्रश्न किती हा नाही, प्रश्न तत्त्वाचा आहे, असं मी सांगितलं. गाडी तशीच परत गेली.
आत्या दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, ‘बेस केलंस, मल्ह्या. उद्या तुजा बाप बोर घ्यायला आला तरी आसाच आडवा हो.’ बाप वारून बरीच वर्षं झाली. पण भावना पोचली.
घरी येताना ताठ चालत होतो, असं प्रतिक्षा म्हणाली. प्रतिक्षा म्हणजे माझी मुलगी. आठवीत, माझ्याच वर्गात.

२९ नोव्हेंबर
दादाने ओढ्याकडच्या तुकड्यात उसाची लागण केली. मला विचारलं नाही. म्हणे कालव्याचं आवर्तन वेळेवर येणार आहे. आपण कालव्याच्या शेपटाला. तिथे पोचतं त्याला पाणी म्हणायचं की ओल, हा वेगळा विषय. मी तसं बोललो. दादा म्हणाला, ‘मग मास्तरकी सोड अन् रानात ये. दोघं मिळून ठरवू.’ मी विषय वाढवला नाही.
विहीर उत्तम. पायरीला पाणी. शाळेच्या भिंतीवर घोषवाक्य रंगवून घेतलं : ‘थेंब थेंब वाचवा, विहिरीला जगवा – म. मारकड, अध्यक्ष.’ पेंटरने नाव घोषवाक्यापेक्षा मोठं काढलं. मी सांगितलं नव्हतं. पुसलं असतं तर भिंत खराब दिसली असती, म्हणून राहू दिलं.

१२ जानेवारी १९९६
आवर्तन आलं नाही. ऊस पिवळा पडलाय. दादा म्हणतो, बोर घेऊ. मी स्पष्ट नकार दिला. गाव काय म्हणेल? अध्यक्षाने आदर्श घालून द्यायचा असतो. शब्द फिरवणाऱ्यांतला मी नाही. हा विषय संपला.

१६ जानेवारी
विषय पूर्ण संपलेला नाही. परवा दादाचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलं नव्हतं. ऐकून घेणं हा लोकशाहीचा पाया आहे. प्रतिक्षाचं पुढचं शिक्षण ह्या उसावर आहे हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. दादाच्याही आला नव्हता, मीच त्याला सांगितला.
कायदा पुन्हा वाचला. त्यात ‘अंतर’ असा शब्द आहे. आता अंतर म्हणजे काय? माणूस एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना जेवढं चालतो तेवढं. हवेतून कुणी जात नाही. विहिरीपासून निघालो, गाडीवाटेने, म्हसोबाला वळसा घालून आमच्या तुकड्यापर्यंत मोजत गेलो. पाचशेच्या वर भरलं. थोडंसंच. पण वर.
गेणूची केस वेगळी होती.

२६ जानेवारी
झेंडावंदन झाल्यावर बोर घेतली.
बोर कुठे घ्यायची ते सांगायला दादाने लासुर्ण्याचा पाणाड्या आणला. पाणाड्या म्हणजे अंधश्रद्धा, मी विज्ञान शिकवतो. पण घरात मोठ्या भावाचा मान ठेवावा लागतो. तळहातावर नारळ उभा राहिला खरा. त्याला काहीतरी शास्त्रीय कारण असणार. वाचून बघितलं पाहिजे.
गाडी तीच. ड्रायव्हरही तोच. मला समोरून येताना बघून त्याने आपण होऊन इंजिन बंद केलं. चालू करा, हे पुन्हा इंग्लिशमध्ये सांगावं लागलं. तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. भाषेची अडचण.
पाणी लागलं! आधी पांढरी भुकटी, मग चिखल, मग कारंजं. दादा नाचला. मीही थोडा.
आत्या काठी टेकत बांधापर्यंत आली. म्हणाली, ‘मल्ह्या, ही तुजी का?’ मी म्हणालो, दादाची. सातबारा दोघांच्या नावावर आहे, पण म्हाताऱ्या माणसाला एवढं बारीक कशाला. तिने पेढा घेतला नाही. बांधावरनंच परत फिरली.
गेणू म्हशी घेऊन रस्त्याने गेला. वर बघितलंसुद्धा नाही. दुसऱ्याचं चांगलं झालेलं लोकांना बघवत नाही.

१५ फेब्रुवारी
विहिरीचं पाणी बरंच खाली गेलंय. रहाट पुरेना, दोर जोडावा लागतो. बायका ओरडतात. मी बसून कारणं काढली. ऊन यंदा लवकर आलं. बाष्पीभवन. शिवाय आपल्याकडे पाहुणा आला की लगेच तांब्या पुढे करायची पद्धत.
बोरचा संबंध नाही. बोर खोल, विहीर उथळ. समितीच्या सभेत उदाहरण दिलं : माडीवर एक भाडेकरू, तळमजल्यावर दुसरा, एकमेकांच्या ताटात कुणी हात घालत नाही. सगळ्यांना पटलं. आत्याने विचारलं, ‘अन् माडी गळत आसंल तर?’
मुद्दा सोडून बोलणं ही खेड्यातली जुनी सवय.

२ मार्च
आठवीची चाचणी. प्रश्न : विहिरीचे पाणी आटण्याची कारणे उदाहरणासह लिहा. निम्म्या वर्गाने लिहिलं, ‘जवळ बोर घेणे. उदा. आपले सर.’ पुस्तकाबाहेरचं उदाहरण म्हणून अर्धा मार्क कापला. प्रतिक्षाने ‘उदा.’ लिहून पुढे जागा मोकळी सोडली होती. तिला मार्क द्यायचे की नाहीत ते उद्या ठरवतो.
म्हाळसा बोरचं पाणी घरात भरत नाही. रान जवळ, पाइप जवळ, तरी विहिरीवर जाऊन रांगेत उभी राहते. मी विचारलं. म्हणाली, ‘चोरीचं घरात न्हाय आणत मी.’ मी म्हणालो, अंतर पाचशेच्या वर आहे. ती म्हणाली, ‘तुमी वळसा घातला, पाण्यानं घातला का?’
तिचं शिक्षण सातवीपर्यंत. भूगर्भशास्त्र तिला कुठून कळणार.

१० मार्च
उपाय सापडला. ठिबक सिंचन! निम्मं पाणी वाचतं. म्हणजे मोटर निम्मी, म्हणजे विरोधकांची तोंडं बंद. दुकान बघायला बारामतीला गेलो. एस.टी. लेट, उभ्याने प्रवास, बाजारात ही गर्दी. दुकानदार फार सभ्य. रंगीत कॅटलॉग दिला. येताना प्रतिक्षाला भेळ आणली.
दादाला कॅटलॉग दाखवला. ‘नळ्या उंदरं खात्यात,’ म्हणाला. पुढच्या सीझनला नक्की. तोपर्यंत मोटर कमी चालवायची असं ठरलं. दादाने मोटरला ऑटो बसवलाय, लाइट आली की मोटर आपोआप सुरू होते, कुणी नसलं तरी. तो ऑटो काढून टाक, असं उद्या सांगतो.

२० मार्च, पाडवा
ऑटोचं सांगायचं राहिलं. गुढी छान झाली.
विहिरीचा तळ दिसायला लागला. तळाला एक पितळी तांब्या, दोन-तीन बादल्या आणि कठड्यावर लावलेली समितीच्या नावाची पत्र्याची पाटी निघाली. मला वाटलं होतं ती पाटी वाऱ्याने उडाली. वारा दगड बांधून पाटी फेकत नाही.
नाराज झालो नाही. सार्वजनिक कामात हे चालायचंच.

३० मार्च
अंतर मोजायला तालुक्याहून एक साहेब आले. कुणीतरी अर्ज केला होता. कुणी, ते भाऊसाहेब सांगत नाहीत. अध्यक्ष म्हणून साहेबांना घरी जेवायला घेऊन गेलो. आधी जेवण, मग मोजणी, असं त्यांनीच ठरवलं. पुरणपोळी चार वेळा मागून घेतली.
म्हाळसाने ताट वाढलं पण तांब्या ठेवला नाही. साहेबांना ठसका लागला. पाणी मागितलं. ती म्हणाली, ‘साहेब, आमचा नंबर यायचाय आजून हीरीवर.’ शेवटी मी स्वतः बोरवर पळत जाऊन कळशी भरून आणली. पाहुण्यासमोर नवऱ्याला पळायला लावतात का?
जेवणानंतर ऊन फार होतं. साहेबांनी ओसरीवरनंच विहिरीकडे बघितलं, ओसरीवरनंच बोरकडे बघितलं आणि म्हणाले, ‘तसं लांब आहे.’ म्हणजे शासनाने मान्य केलं. मला मुळातच शंका नव्हती.

१४ एप्रिल
विहीर कोरडी.
बायका ओढ्याच्या वाळूत झिरा उकरून वाटीवाटीने पाणी भरतात. गुरंही त्याच ओढ्यात. टँकरचा प्रस्ताव मी स्वतः लिहून दिला. भाऊसाहेब म्हणाले, निवडणूक आहे सर, साहेब लोक त्यात अडकलेत, जरा वेळ लागंल.
बोरचं पाणी गावाला द्यावं असं मी दादाला सुचवलं. मीच. ह्याची नोंद असावी. दादा म्हणाला, ‘दिऊ की. ऊस तेवढा वर येऊ दे.’ ऊस वर यायला दिवाळी उजाडेल, पण त्याने नाही म्हटलं नाही, हे महत्त्वाचं. मी जास्त ताणलं नाही. भावाभावांत वितुष्ट येऊन गावाचं काय भलं होणार?

१९ एप्रिल
गावात जुलाब-उलट्यांची साथ. घरटी एक माणूस झोपलंय. भाऊसाहेबांनी टीसीएलचं पोतं आणलं. ही पाणी शुद्ध करायची पावडर, क्लोरीनची. डोळ्यांत पाणी येईल असा उग्र वास.
मी चावडीसमोर भाषण केलं. पाणी उकळून, गार करून, गाळून प्या. रतन म्हणून शेजारची बाई आहे, पोर कडेवर घेऊन ऐकत होती. तिने विचारलं, ‘सर, उकळायला कुठलं आणू?’ लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.
‘पाणी उकळून प्या’ अशी पाटी झिऱ्यावर लावली. मोठ्या अक्षरात.

२३ एप्रिल
टँकर सुरू झाला! माझ्या पाठपुराव्याला यश. टँकर रिकाम्या विहिरीत पाणी ओततो, भाऊसाहेब त्यात टीसीएल टाकतात, बायका दोराने ओढून घेतात. फार घाई करावी लागते. ओतलेलं पाणी थांबत नाही, बघता बघता तळातल्या भेगांतून निघून जातं. कुठे जातं ते कळत नाही. भूगर्भ हा गूढ विषय आहे.
आत्याला कालपासून त्रास. टँकर यायच्या आधी झिऱ्याचंच पाणी पीत होती. बोरवरनं एक कळशी पाठवली होती मी, प्रतिक्षाच्या हाती. आत्याने दारातल्या तुळशीलासुद्धा घातली नाही, रस्त्यावर ओतली. हट्टी स्वभाव.
आज गेणू तिला जीपने इंदापूरच्या दवाखान्यात घेऊन गेला. म्हाळसा बरोबर गेली. मी जाणारच होतो, पण जीपमध्ये जागा नव्हती. तशी होती, पण गेणू होता.

२५ एप्रिल
इंदापूरला निवडणूक ड्युटीचं ट्रेनिंग. दवाखाना तिथून जवळच. सकाळी जाता जाता डोकावणार होतो, उशीर झाला. मधल्या सुट्टीत जाणार होतो, तर मतपेटी सील करायची नेमकी तेव्हाच दाखवायला घेतली. मग जेवण. मग म्हटलं, संध्याकाळी निवांत जाऊ, पाच मिनिटं जाऊन येण्यात अर्थ नाही.
संध्याकाळी मोसंबी घेऊन गेलो. खाट रिकामी होती. वाटलं बरं वाटलं म्हणून घरी सोडलं.
नर्सला विचारलं.

२६ एप्रिल
वय झालंच होतं. झिऱ्याचं पाणी प्यायला नको होतं. मी पाटी लावली होती. तिला वाचता येत नव्हतं हे खरं.
म्हाळसा म्हणाली, सलाइन चालू होतं तरी पाणी मागत होती. ‘हीरीचं दे,’ म्हणत होती. आणि, ‘मल्ह्याला सांग,’ म्हणत होती. काय सांग, ते म्हाळसाने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
मोसंबी तशीच पिशवीत आहेत.

२ मे
बोर आटली. परवापासून नुसती हवा फेकते आणि घरघर करते. दादा डोक्याला हात लावून बांधावर बसला. म्हणतो, कुणाला बोलू नको. मीही म्हणालो, कशाला बोलायचं.
दुपारी पडल्या पडल्या विचार सुचला. परवा आत्याचा दहावा आहे. सगळं गाव असणार. तिथे उभं राहून जाहीर करायचं : आत्याच्या स्मरणार्थ आणि गावाच्या पाण्यासाठी मी आमची बोर कायमची बंद करतोय. ऊस असाही जळणारच. त्यातून समाजापुढे एक उदाहरण उभं राहत असेल तर का नको? ह्यात खोटं काही नाही. बंद ती बंदच.
भाषण तयार केलं. वाचताना माझेच डोळे भरून आले.

४ मे, दुपार
दहावा नीरेवर, निरवांगीला केला. आमच्या ओढ्यात आंघोळीपुरतंही पाणी नाही. दोन ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून भावकी आली, बायकाही आल्या. आत्याला मूलबाळ नाही, म्हणून दादाने डोकं भादरून सगळं केलं. पिंड ठेवला, सगळे लांब होऊन उभे राहिले.
कावळा येईना.
समोरच्या बाभळीवर एक बसला होता. पिंडाकडे बघायचा आणि मान फिरवायचा. ऊन चढलं. लोक एकेक बोलायला लागले. दादा म्हणाला, आत्या, तुझी खोली पाडणार न्हाय. रतन म्हणाली, आत्या, तुझ्या तुळशीला पाणी घालीन. कावळा बसूनच. मग गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘हीरीचं बोला की. तिचा जीव हीरीत हाय.’ सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.
माझा ह्या गोष्टींवर विश्वास नाही. पण क्षण आला होता. मी पुढे झालो. हात जोडून म्हणालो, ‘आत्या, गावासाठी मी आमची बोर आजपासून कायमची बंद करतो.’ कुणीतरी हुंदका दिला. गेणूने डोक्यावरची टोपी काढली. मी त्याचं तोंड बघितलं, त्याला खरं वाटलं होतं.
कावळा हलला नाही. वारा उलटा होता, ऐकू गेलं नसेल. मी पुन्हा जरा मोठ्याने म्हणालो.
तेव्हा म्हाळसा बायकांतून पुढे आली. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पिंडाकडे बघत म्हणाली, ‘आत्याबाई, बोर आटलीया. ह्यांनी बंद केली न्हाय.’
एवढंच बोलली. ओरडली नाही. परत जाऊन बायकांत उभी राहिली. गेणूने टोपी झटकून डोक्यावर ठेवली.
कावळा उडाला आणि नदी ओलांडून सोलापूरच्या हद्दीत गेला. लोक तरीही थांबले, बराच वेळ, उन्हात, रडकी पोरं कडेवर घेऊन. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला. त्याला कुणी काही कबूल करावं लागत नाही.
कावळे न येण्याचं कारण उघड आहे. पाणवठे आटले की पक्षी स्थलांतर करतात. आठवीच्या पुस्तकात आहे.

४ मे, संध्याकाळ
परत आलो तर टँकर येऊन गेलेला. दोन खेपा केल्या म्हणे. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला, गावात कुणी नाही, त्याला पुढच्या गावाला जायचं होतं. दोन्ही खेपा विहिरीत ओतून तो गेला. साथ आहे म्हणून भाऊसाहेबांनी टीसीएल दुप्पट टाकली आणि आमची वाट बघत कट्ट्यावर बसून राहिले. त्यांच्या डोळ्यांदेखत पाणी खाली गेलं. बायका ट्रॉलीतनं उतरून घागरी घेऊन तशाच धावल्या. विहिरीत ओले दगड.
कुणी रडलं नाही. रतनने रिकामी घागर कठड्यावर ठेवली आणि खाली बसली.
मग आवाज आला. आमच्या रानातून. लाइट आली होती, ऑटोवर मोटर सुरू झाली होती. दादा तसाच, भादरलेल्या डोक्याने, अनवाणी पळाला. ‘पाणी आलं! मल्हार, बोरला पाणी आलं!’ मीही पळालो. खरंच पाइप भरून धार पडत होती. उसाच्या सरीत पाणी पुढे पुढे चाललं होतं. मी म्हणालो, दादा, आत्याचा आशीर्वाद. मोठ्याने म्हणालो. मागे सगळं गाव येऊन उभं राहिलं होतं.
दादाने ओंजळ भरून तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली सोडून दिली. मोटर बंद करायला गेला, माझ्याकडे न बघता.
गेणू सरीत वाकला. हात ओला केला, हुंगला आणि धोतराला पुसला. भाऊसाहेबांना म्हणाला, ‘टँकरचं हाय.’ मग म्हशी सोडायला गेला. बाकीचेही गेले. एकेक करून, बांध न तुडवता, नीट वाटेने.
म्हाळसाने सरीतलं साचलेलं पाणी तांब्यात भरून घेतलं. घरी आल्यावर तो माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, ‘प्या.’
मी म्हणालो, मला सर्दी झालीय, मला कसलाही वास येत नाहीये.
तिने वासाचं काही विचारलं नव्हतं.